तासिका तत्त्वावरचे गडदे सर

गडदे सरांच्या खिशात पेन नसायचा, खडू असायचा. एक नाही, तीन. चष्म्याच्या जुन्या डबीत कापूस घालून निजवलेले, म्हणजे एसटीच्या धक्क्यांनी मोडू नयेत. आणि ज्याच्याकडे खडू आहे तो फळा शोधत बसत नाही, समोर येईल त्यावर लिहितो. माझ्या दुकानाचं शटर, बसस्थानकातला सिमेंटचा खांब, उसाच्या ट्रॉलीची फळी, सरांनी कशालाच नाही म्हटलं नाही. सिद्धेश्वर धरणाच्या काठावर त्यांनी कुणाला तरी म्हशीच्या पाठीवर इंग्रजी वाक्य लिहून दाखवलं, अशी एक गोष्ट वसमतमध्ये सांगितली जायची. खरी आहे का म्हणून मी त्यांना विचारलं. तर अगदी शांतपणे म्हणाले, "ओल्या म्हशीवर खडू उमटत न्हाई. वाळल्यावर लिवलं."

माझं दुकान वसमतच्या बसस्थानकासमोर. एसटीडी, झेरॉक्स आणि टायपिंग. आज या तिन्ही धंद्यांनी मान टाकली आहे आणि मी मोबाइलची कव्हरं विकतो, पण मी सांगतोय ते दिवस दुकानाच्या भरभराटीचे होते. सरांचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला. रोज सकाळी पहिल्या गाडीने ते वसमतला यायचे आणि कॉलेजचा तास सुरू होईपर्यंत माझ्या स्टुलावर बसायचे. माझ्या पाटीवरच्या इंग्रजीत दोन चुका होत्या. सर आले की खडूने त्या दुरुस्त करायचे, दुपारी मी फडक्याने पुसायचो, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुरुस्त करायचे. नवीन पाटी रंगवून घेणं मला सहज जमलं असतं, पण मग सर सकाळी आल्या आल्या काय करणार, असा विचार करून मी ते टाळत गेलो.

"तकलीफ न्हाई ना?" हे त्यांचं पालुपद. पाणी मागताना, रस्ता ओलांडताना, एखाद्याचं इंग्रजी चारचौघांत सुधारताना, आधी "तकलीफ न्हाई ना?" आणि समोरचा काही म्हणायच्या आत पुढचं काम. त्यांचं इंग्रजी असं होतं की रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याने ऐकून मान खाली घालावी. मराठी मात्र लहानपणी शेळ्यांमागं फिरतानाचं तसंच ठेवलं होतं. ते का बदलत नाही म्हणून एकदा डिवचलं, तर म्हणाले की इंग्रजी पोटासाठी शिकलो, मराठी काही कुणाकडे नोकरी मागायला नेत नाही.

आता खडूचं खरं कारण सांगतो. मला बरेच दिवस तो त्यांचा चक्रमपणाच वाटायचा. सर कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जुलैत नेमणूक, जितके तास शिकवाल तितक्याच तासांचा मोबदला, आणि मार्चमध्ये शिपाई हातात एक कागद आणून द्यायचा: सद्यस्थितीत आपल्या सेवेची आवश्यकता नाही. जुलैत पुन्हा बोलावणं. असं तेरा वर्षं. पर्मनंट प्राध्यापकांना खडूचा डबा ऑफिसातून मिळायचा, तासिकावाल्यांनी मागितला की क्लार्क कपाटाची किल्ली शोधत बसायचा आणि तेवढ्यात तास संपायचा. म्हणून सर स्वतःचा खडू आणायचे. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची नव्हती आणि मस्टरवर नाव नव्हतं.

मार्चचा तो कागद ते दरवर्षी माझ्याकडे झेरॉक्सला आणायचे. मूळ प्रत एका फायलीत, झेरॉक्स दुसऱ्या फायलीत. मी एकदा म्हटलं, सर, ही काय जपून ठेवायची वस्तू आहे का? तर म्हणाले, पर्मनंट होईन त्या दिवशी सगळे एकदम फाडायचे आहेत. हिंगोली जिल्हा नवा झाला तेव्हा त्यांना वाटलं होतं की नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघतील. जागा निघाल्या. मुलाखती झाल्या. ज्यांचे व्हायचे त्यांचे मेहुणे लागले आणि सर पुन्हा माझ्या स्टुलावर येऊन बसले.

मग एका सकाळी ते पेपरचं कात्रण घेऊन आले. सौदी अरेबियातल्या एका विद्यापीठाला इंग्रजीचे शिक्षक हवे होते. भरती विद्यापीठ करणार नव्हतं. विद्यापीठाने ते काम एका कंत्राटदार कंपनीला दिलेलं, कंपनीने एका एजंटला, आणि एजंट हैदराबादच्या एका लॉजमध्ये मुलाखती घेणार. रस्त्याच्या कामाला मुकादम माणसं जमवतो तसंच सगळं. मी म्हटलं, यात काहीतरी घोळ आहे. सर म्हणाले, "घोळ असंल. पण विद्यापीठ हाय ना, दिगंबरभाऊ." तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा असा झाला की मी झेरॉक्सचं मशीन सुरू केलं. कागदांच्या चार-चार प्रती काढल्या आणि सोबत हैदराबादलाही गेलो, कारण त्यांच्या कागदांचा क्रम त्यांच्यापेक्षा मला जास्त पाठ होता.

त्या लॉजवर जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एजंट सफारीतला, घाईतला. नांदेड, परभणी, हिंगोली या आपल्या भागातले सात उमेदवार. त्याने सातही जणांचे पासपोर्ट टेबलावर मांडले, एकेक उघडला, आणि त्याचा चेहरा बदलला. सातही जणांची जन्मतारीख एक जून. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, "ये बोगस कागज किसने बनाके दिये, पहले वो बताव." पोलिसात जाण्याची भाषा सुरू झाली.

गडदे सर उठले. "तकलीफ न्हाई ना?" असं सवयीने मराठीतच विचारलं आणि डबीतून खडू काढून त्या खोलीच्या काळ्या पॉलिशच्या दारावर लिहायला लागले. इंग्रजीत समजावून सांगितलं. आमच्याकडे लेकरू कधी झालं ते कुणी लिहून ठेवत नाही, ज्वारी कापताना झालं की पोळ्यानंतर झालं एवढंच आईला आठवतं. शाळा उघडायच्या वेळी गुरुजी गावात फिरायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की लेकरू सहा वर्षांचं. नाव दाखल. तारीख एक जून. मग त्यांनी स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन कान धरून दाखवला आणि बाकीच्या सहा जणांकडे पाहिलं. तेही उठले. चाळिशीतले, इस्त्रीच्या शर्टातले सात मास्तर आपापला डावा कान धरून एका ओळीत उभे राहिले. एजंट आधी बघत राहिला, मग इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. सरांची निवड तिथेच झाली. दार मी पुसलं.

सर निघाले त्या दिवशी घरचे वसमतला सोडायला आले होते. घरचे म्हणजे दोघंच. त्यांचे वडील आबा, खांद्यावर घोंगडं, शेळ्या शेजाऱ्याकडे सोपवून आलेले. आणि द्रुपदावहिनी. सरांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन नांदेडला दिलेली. आबांनी एकच प्रश्न विचारला, "तिकडं पाणी हाय का?" सर म्हणाले, बाटलीत मिळतं. आबांना ते काही पटलं नाही. वहिनी आबांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी ती मोडलेली नव्हती. दोन वर्षांसाठी परदेशी निघालेल्या माणसाने बायकोकडे एकदा पाहिलं, आबांना "येतो" म्हटलं आणि गाडीत चढला. त्या "येतो"तलं निम्मं कुणासाठी होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. सामानात खडूचा अख्खा डबा होता.

गावातला एकमेव फोन सरपंचांच्या घरी, आणि तो पावसाळ्यात बंद, उन्हाळ्यात कुलपात. म्हणून ठरलं असं की तिकडे शुक्रवारी सुट्टी असते, तर शुक्रवारी चार वाजता सर माझ्या दुकानातल्या फोनवर फोन करतील. आबा आणि वहिनी गाडीने वसमतला यायचे आणि तीनपासून बाकावर बसून राहायचे. फोन वाजला की आबा काचेच्या खोलीत शिरायचे. देश लांब आहे म्हणून ते ओरडून बोलायचे. काळीला दोन पिल्लं झाली, तळ्याला पाणी कमी आहे, अमका गेला, तमक्याचं लग्न जमलं. सगळ्या बसस्थानकाला गडद्यांच्या घरची खबर मिळायची. शेवटी ते रिसीव्हर सुनेच्या हातात द्यायचे आणि तिथेच, हातभर अंतरावर, उभे राहायचे. सुनेला परक्या ठिकाणी एकटं सोडायचं नाही, एवढीच त्यांची भावना. वहिनी पदराआड रिसीव्हर धरायच्या. "व्हय." मग बराच वेळ काही नाही. "न्हाई." पुन्हा "व्हय." आणि फोन खाली. चौदा महिने मी त्या बाईच्या तोंडून दुसरा शब्द ऐकला नाही.

सर मात्र अधूनमधून नुसता मला फोन करायचे आणि तिकडची हालहवाल सांगायचे. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर कंत्राटदाराचं नाव मोठं आणि विद्यापीठाचं नाव असं की चष्मा लावून शोधावं. विद्यापीठाचे स्वतःचे शिक्षक वेगळ्या खोलीत बसायचे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. "हितं बी तासिका तत्त्वावरच हाय भाऊ, फकस्त तास जास्त." हे ते हसत सांगायचे. त्यांचं खरं दुःख दुसरंच होतं. तिथे फळे पांढरे. गुळगुळीत, आणि त्यावर लिहायला मार्कर. खडूचा डबा तसाच पडून होता. मार्करने लिहिताना हाताला काही लागतच नाही, असं ते परत परत म्हणायचे.

सुरुवातीला वर्गात पोरं तोंड उघडायची नाहीत. पुस्तकातलं पाठ म्हणायची आणि गप्प. एके दिवशी सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुमच्या घरी काय आहे? एक जण बिचकत म्हणाला, शेळ्या. सरांना तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या पोरांचे बाप-आजे वाळवंटात शेळ्या-उंट राखणारेच होते. सरांनी मार्करने फळाभर शेळी काढली. कोणती जात किती दूध देते, खुरकुताचा रोग झाला तर काय करता, पिल्लू आडवं आलं तर काय करता. ज्यांना स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायला दरदरून घाम फुटायचा ती पोरं आपलीच शेळी कशी चांगली यावर इंग्रजीत भांडायला लागली. कंपनीचा तपासनीस बाहेरून जात होता, त्याला वाटलं वर्गात दंगल झाली. त्याने तक्रार केली. तक्रारीवरून विद्यापीठातले विभागप्रमुख मागच्या बाकावर तासभर येऊन बसले, आणि तास संपल्यावर सरांना आपल्या खोलीत घेऊन गेले.

आठवडाभराने सरांचा मला फोन आला. विद्यापीठ त्यांना कंत्राटदाराकडून काढून थेट स्वतःकडे घेणार होतं. स्वतःची खोली, दारावर नाव, विद्यापीठाच्या यादीत नाव. करार पाच वर्षांचा, पुढे वाढणारा. पर्मनंट म्हणतात ते हेच. मी दुकानात एकटाच होतो, तरी पेढे मागवले. सर म्हणाले की सही करायला महिनाभर आहे, तोवर कॉलेजात कुणाला बोलू नका. कुटुंब नेण्याची सोय होती. पण आबा शेळ्या सोडून कुठे जाणार नाहीत, आणि आबांना सोडून वहिनी जाणार नाहीत, हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज नव्हती.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी आबांना सांगितलं. त्या दिवशी आबा प्रथमच ओरडले नाहीत. "कर बाबा सही. तुझं भलं व्हईल ते कर," म्हणाले, आणि रिसीव्हर पुढे केला. वहिनींनी तो कानाला लावला, "व्हय" म्हणाल्या आणि ठेवून दिला. बाहेर येताना त्यांना उंबरा दिसला नाही. मी पाणी दिलं ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोघं आले. चार वाजता फोन वाजला, पण आबा बाकावरून उठलेच नाहीत. दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाले, "आज माझे कान ठणकून राहिले. सूनबाई, तूच बोल." वहिनी जागच्या हलेनात. मग आबा स्वतः उठले, दुकानाबाहेर गेले आणि पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले. वहिनी काचेच्या खोलीत गेल्या. मीही बाहेर आलो. दोन गिऱ्हाइकं फोनसाठी आली, त्यांना लाइन बंद आहे म्हणून परत पाठवलं. आबांना विचारलं, डॉक्टरकडे जायचं का? ते समोरच्या गाड्यांकडे बघत म्हणाले, "कान बराबर हायेत."

महिन्याच्या आत सर परत आले. खांद्याला जाताना नेलेलीच पिशवी, हातात तोच खडूचा डबा, न उघडलेला. सही केली नव्हती. वसमतला हसायला विषय मिळाला. सर सगळ्यांना एकच सांगायचे, "तिकडं पांढरे फळे हायेत. खडू चालत न्हाई. आपल्याला जमलं न्हाई." लोक म्हणायचे, मास्तरचं डोकं फिरलं, खडूपायी विद्यापीठ सोडून आला. कॉलेजातल्या पर्मनंट मंडळींना तर फार आनंद झाला. जुलैत सरांना पुन्हा तासिका तत्त्वावर घेतलं, तेही पूर्वीपेक्षा कमी तासांवर, कारण मधल्या काळात दुसरं कुणी आलं होतं.

मला राग आला होता. खूप आला होता. हैदराबादपर्यंत कागद वाहिलेला माणूस मी, मला पांढऱ्या फळ्याची थाप? मार्च आला, शिपायाने नेहमीचा कागद दिला, सर झेरॉक्सला घेऊन आले आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, लाज वाटत नाही का? जन्मभर जे मागितलं ते तुमच्या हातात आलं होतं आणि तुम्ही ते टाकून आलात. आता हा कागद घेऊन माझ्याकडे येऊ नका.

सर स्टुलावर बसले. तकलीफबिकलीफ काही विचारलं नाही. त्या शुक्रवारचं सांगितलं. वहिनी आधी काहीच बोलल्या नाहीत. सरांना वाटलं लाइन कटली. ते हॅलो हॅलो करत राहिले. मग त्या हळूच म्हणाल्या, मला करमत नाही. तुम्ही मला इथं पाहिजे. एवढंच बोलून रडायला लागल्या, आणि सर तिकडे हातात रिसीव्हर धरून उभे राहिले.

"भाऊ, गरज न्हाई म्हणून मला दरसाल लेखी येतं," सर म्हणाले. "पायजे म्हणून आजपस्तोर कुणी बोललं नव्हतं. मंग कशावर सही करू?"

मी मशीनचं झाकण उघडलं. कागदाची झेरॉक्स काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूळ कागद आणि झेरॉक्स नेहमीसारखे दोन फायलींत लावले. त्यांच्या गावावरून जाणारी औंढ्याची गाडी लागल्याचं ऐकू आलं तसे ते घाईने उठले. पुढची गाडी तासाभराने होती, पण वहिनी आता रोज गावाच्या फाट्यावर त्यांची वाट बघत उभ्या असतात, त्यांना उन्हात थांबावं लागू नये म्हणून सर मी मागवलेला चहा अर्धाच ठेवून पळत गेले.